कोणता ‘सुपरमॅन २’ ते आधी सांगायला हवे

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या सुपरहिरोपटांच्या दुसऱ्या भागांवर आलेला लेख मी दोनदा वाचला. लेख अभ्यासपूर्ण आहे आणि अशा विषयाला आपण अर्धे पान दिलेत याचा आनंदही झाला. मात्र ‘सुपरमॅन २’ विषयीचा त्यातला एक परिच्छेद मला खटकला. रिचर्ड डॉनर यांची २००६ साली डीव्हीडीवर आलेली आवृत्ती हाच खरा चित्रपट, चित्रपटगृहांत लागलेली रिचर्ड लेस्टर यांची आवृत्ती म्हणजे त्याची मोडतोड, आणि घरी बसून दोन्ही पाहिलेल्या प्रेक्षकांनी असा निकाल कधीच दिला आहे, असे लेखकाने लिहिले आहे. असा एकमुखी निकाल प्रेक्षकांनी दिलेला नाही. ते का, हे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते थोडे लांबेल, त्याबद्दल क्षमस्व.

सोलापुरात १९८७ ते २०१० अशी तेवीस वर्षे मी व्हिडिओ लायब्ररी चालवली. आधी कॅसेट, मग व्हीसीडी, मग डीव्हीडी असा तिचा प्रवास झाला. माझ्याकडे एक लांबट रजिस्टर असे. त्यात सभासदाचा क्रमांक, कॅसेटचा क्रमांक आणि नेल्या-आणल्याची तारीख लिहून झाली की शेवटचा रकाना मी ‘शेरा’ म्हणून मोकळा ठेवत असे. कॅसेट परत करताना माणूस उभ्या उभ्या जे बोलेल ते पेन्सिलीने त्या रकान्यात टिपून ठेवायची मला सवय लागली होती. ‘चित्र पुसट’, ‘मध्ये पट्टे येतात’, ‘मुलांना आवडला’, ‘शेवट कळला नाही’ असे ते शेरे असत. ‘सुपरमॅन २’ च्या कॅसेटसमोरचे शेरे आज पुन्हा काढून पाहिले, तेव्हा एक गोष्ट माझ्या लक्षात आली. निम्म्याहून अधिक माणसे चित्रपटाविषयी बोलतच नव्हती, ती हातात आलेल्या प्रतीविषयी बोलत होती, आणि आपले मत प्रतीविषयी आहे की चित्रपटाविषयी हे त्यांना वेगळे करता येत नव्हते. तेव्हा मलाही ते करता येत नव्हते.

हा चित्रपट मुळात रुंद पडद्यासाठी चित्रित झालेला आहे. त्याच्या चौकटीची रुंदी उंचीच्या सव्वादोन पटींहून अधिक आहे. आमच्या काळच्या टीव्हीचा पडदा जवळजवळ चौकोनी असे, म्हणून कॅसेट करताना दोन्ही बाजू कापून मधलाच भाग घेतला जाई. या कथेत क्रिप्टन ग्रहावरचे तीन गुन्हेगार आहेत, झॉड, उर्सा आणि नॉन, आणि ते पुष्कळदा शेजारी शेजारी उभे राहतात. कॅसेटवर त्या तिघांतला एक तरी कापला जाई किंवा त्याचा नुसता खांदा दिसत राही. ‘तिसरा कुठे गेला?’ असा एक शेरा माझ्या रजिस्टरमध्ये खरोखरच आहे. तो एका शाळकरी मुलाचा आहे, आणि दिग्दर्शनाविषयीचे मत म्हणून तो वाचला तर लेस्टर यांच्यावर किती अन्याय होईल ते पाहा. त्या कॅसेट कुठून, कशा उतरवलेल्या येत हे त्या काळी कोणी विचारत नसे, मीही विचारले नाही, आणि त्याची मला आज खंत वाटते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. या दुसऱ्या भागाचे दोन तुकडे का झाले, हे कळल्याशिवाय त्याच्याविषयीच्या मतांचा अर्थ लागत नाही. अलेक्झांडर आणि इल्या साल्किंड या निर्माते पितापुत्रांनी पहिला आणि दुसरा असे दोन्ही भाग एकाच वेळी चित्रित करायचे ठरवले. ही पद्धत त्यांना नवी नव्हती. ‘थ्री मस्केटिअर्स’ च्या वेळी त्यांनी एकाच चित्रीकरणातून दोन चित्रपट काढले होते, त्यावरून नटमंडळींशी वाद झाला होता, आणि तेव्हापासून नटांच्या करारात चित्रपट किती निघणार हे स्पष्ट लिहिण्याचे कलम आले, ज्याला आजही साल्किंड यांच्याच नावाने ओळखतात. त्या मस्केटिअर्सचे दिग्दर्शक रिचर्ड लेस्टर होते. ‘सुपरमॅन’ चे चित्रीकरण मार्च १९७७ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झाले आणि दिग्दर्शक होते रिचर्ड डॉनर. खर्च आणि वेळापत्रक हाताबाहेर जाऊ लागले तेव्हा दुसऱ्या भागाचे काम थांबवून आधी पहिला पुरा करावा असे ठरले. तोवर दुसऱ्या भागाचे सुमारे पाऊण चित्रीकरण झाले होते. पहिला भाग डिसेंबर १९७८ मध्ये आला आणि जगभर गाजला. तरीही १९७९ मध्ये डॉनर यांना दूर करण्यात आले, आणि पहिल्या भागाच्या वेळी निर्माते आणि दिग्दर्शक यांच्यात मध्यस्थ म्हणून आलेल्या लेस्टर यांच्या हाती उरलेले काम गेले.

लेस्टर यांनी उरलेले तर चित्रित केलेच, शिवाय डॉनर यांनी आधी केलेले बरेचसे पुन्हा चित्रित केले. पहिल्या भागाच्या उत्पन्नातील वाट्यावरून मार्लन ब्रँडो आणि निर्माते यांच्यात तंटा होता, म्हणून सुपरमॅनचे वडील जॉर-एल यांची ब्रँडो यांनी आधीच करून ठेवलेली दृश्ये दुसऱ्या भागातून काढून टाकली आणि त्यांच्या जागी आई लारा, म्हणजे सुझाना यॉर्क, हिला उभे केले. खलनायक लेक्स ल्यूथर करणारे जीन हॅकमन नव्या चित्रीकरणाला आलेच नाहीत. तेव्हा दुसऱ्या भागात हॅकमन यांचा चेहरा जिथे जिथे दिसतो ते सारे डॉनर यांनी टिपलेले आहे आणि बाकीच्या ठिकाणी पाठमोरा बदली नट आणि नकली आवाज यांवर भागवले आहे. पहिल्या भागाचे छायाचित्रकार जेफ्री अन्सवर्थ ऑक्टोबर १९७८ मध्ये वारले. त्यांच्या जागी रॉबर्ट पेंटर आले. संगीतकार जॉन विल्यम्स यांच्याऐवजी केन थॉर्न यांनी विल्यम्स यांच्याच चाली घेऊन नवे पार्श्वसंगीत बांधले. म्हणजे १९८० च्या डिसेंबरात ऑस्ट्रेलियात आणि जून १९८१ मध्ये अमेरिकेत जो चित्रपट लागला, त्यात दोन दिग्दर्शक आणि दोन छायाचित्रकार आहेत, आणि त्यातले नटही दोन वेगवेगळ्या वर्षांचे दिसतात. हे सगळे असूनही तो चालला. एकट्या अमेरिकेत त्याने १० कोटी डॉलरच्या वर उत्पन्न मिळवले आणि रॉजर ईबर्ट यांच्यासारख्या जाणत्या समीक्षकाने त्याला चारपैकी चार तारे दिले. ज्या चित्रपटाला ‘मोडतोड’ म्हटले आहे, त्याचे स्वागत असे झाले होते, हे निदान नोंदवायला हवे होते.

मला विशेष वाटते ते पुढचे आहे. कॅसेटवर हे सांधे दिसतच नसत. अन्सवर्थ यांचे चित्रण मऊ आणि धूसर आहे. त्यांचा प्रकाश कडा विरघळवतो. पेंटर यांचे चित्रण उजळ, सपाट आणि चित्रकथेच्या चौकटीसारखे आहे, आणि लेस्टर यांना तसेच हवे होते. पण कॅसेट चार-पाच महिने फिरली की दोन्ही सारखीच पुसट होत. डीव्हीडी आल्यावर पहिल्यांदा हे दोन हात वेगळे दिसू लागले. एकाच प्रसंगात सुपरमॅन झालेल्या ख्रिस्तोफर रीव्ह यांचे खांदे एका शॉटमध्ये अरुंद आणि पुढच्यात भरदार, त्याची प्रेयसी लॉइस झालेल्या मार्गो किडर यांचे केस आणि गाल एका शॉटमध्ये एक आणि दुसऱ्यात दुसरे, हे स्वच्छ चित्रावर लपत नाही. आमच्याकडचे एक चित्रकला शिक्षक सभासद होते, त्यांनी मात्र हे कॅसेटवरच ओळखले होते. ‘हा माणूस मधल्या मधे जाड कसा झाला?’ असे त्यांनी मला काउंटरवर विचारले होते. मला उत्तर देता आले नव्हते. त्यांना ते देता आले तेव्हा वीस वर्षे उलटून गेली होती.

प्रेक्षकांच्या मताचा खरा प्रभाव दिसतो तो इथे. १९८४ मध्ये अमेरिकेच्या एबीसी वाहिनीने हा चित्रपट दाखवला तेव्हा चित्रपटगृहांत नसलेली बरीच दृश्ये त्यात जोडलेली होती, त्यांत डॉनर यांनी चित्रित केलेली काही होती. लोकांनी ती आपापल्या व्हीसीआरवर उतरवून घेतली. त्यात शेवटी ध्रुव प्रदेशातील पोलीस येऊन ल्यूथर आणि त्या तिघांना ताब्यात घेतात. ज्यांनी हे पाहिले होते त्यांचे म्हणणे असे की सुपरमॅन कोणाला ठार मारत नाही. ज्यांनी फक्त चित्रपटगृहातला पाहिला होता ते म्हणत की तिघे बर्फाच्या खाईत, धुक्यात नाहीसे होतात, मग ते मेलेच ना. दोघेही आपण पाहिले त्याविषयी खरेच बोलत होते आणि तरी वर्षानुवर्षे एकमेकांना खोटे ठरवत होते. घरच्या टीव्हीवरून उतरवलेल्या तुकड्यांतून चाहत्यांनी स्वतःच्या जोडआवृत्त्याही केल्या. पहिला भाग २००१ मध्ये नीटनेटका होऊन डीव्हीडीवर आला, त्यानंतर डॉनर यांचा दुसरा भागही द्यावा अशी मागणी वाढत गेली. २००६ च्या नव्या सुपरमॅनपटासाठी ब्रँडो यांची जुनी दृश्ये वापरण्याची परवानगी मिळाली तेव्हा ती वाट मोकळी झाली. मायकेल थॉ यांनी जुने निगेटिव्ह धुंडाळून संकलन केले आणि २८ नोव्हेंबर २००६ रोजी डॉनर यांची आवृत्ती अमेरिकेत बाजारात आली. रीव्ह त्याआधी दोन वर्षे, ऑक्टोबर २००४ मध्ये, गेले होते आणि ही आवृत्ती त्यांच्याच स्मृतीला अर्पण केलेली आहे. सामान्य प्रेक्षकांच्या चिकाटीने पंचवीस वर्षे कोठारात पडून असलेले काम बाहेर आले, याचे मोल मी कुठेही कमी लेखत नाही.

ती डीव्हीडी माझा पुतण्या अमेरिकेहून घेऊन आला. डीव्हीडी जगाच्या ठरावीक विभागातल्या प्लेअरवरच चालावी अशी केलेली असे; ही पहिल्या विभागासाठीची होती, आपल्याकडे पाचवा विभाग, त्यामुळे आमच्या दुकानातल्या प्लेअरने ती घ्यायचे नाकारले आणि सर्व विभागांच्या डीव्हीडी चालवणारा प्लेअर शेजाऱ्यांकडून आणावा लागला. त्या रात्री दुकान बंद करून शटर खाली ओढून आम्ही चौघांनी ती पाहिली. त्यांत ते चित्रकला शिक्षकही होते, तोवर ते निवृत्त झाले होते.

ब्रँडो यांच्या दृश्यांबद्दल मी आपल्या लेखकाशी पूर्ण सहमत आहे. लॉइसवरच्या प्रेमासाठी सुपरमॅन आपली शक्ती टाकून द्यायला तयार होतो, तेव्हा लेस्टर यांच्या आवृत्तीत आई त्याला समजावते आणि तो प्रसंग हळवा असला तरी सोपा वाटतो. डॉनर यांच्या आवृत्तीत वडील समोर येतात, मुलाशी वाद घालतात आणि त्यांच्या बोलण्यात दुखावलेपण असते. पुढे शक्ती गमावलेला, रस्त्यावरच्या खाणावळीत एका ट्रकवाल्याच्या हातून मार खाल्लेला क्लार्क, म्हणजे साध्या माणसाच्या वेषातला सुपरमॅन, बर्फातून चालत परत येतो आणि हाक मारतो. लेस्टर यांच्याकडे इथे हिरवा स्फटिक चमकतो आणि दृश्य बदलते, शक्ती परत कशी आली हे कोणी सांगत नाही. आमच्या रजिस्टरमधला ‘शेवट कळला नाही’ हा शेरा बहुधा याचाच असावा. डॉनर यांच्याकडे जॉर-एल आपल्यातली उरलीसुरली ऊर्जा मुलाला देतात आणि त्यासोबत स्वतः कायमचे संपतात. पहिल्या भागात बाप लेकाला जे सांगून निरोप देतो, ते इथे पुरे होते. त्या रात्री हा प्रसंग आला तेव्हा आमच्यापैकी कोणी बोलले नाही. एका कागदी तंट्यापायी हे प्रेक्षकांपासून पाव शतक दूर ठेवले गेले, याचा मला आजही राग येतो.

पण त्याच आवृत्तीत क्लार्क हाच सुपरमॅन असल्याचे लॉइस उघडकीस आणते तो प्रसंग पाहा. लेस्टर यांच्याकडे हॉटेलच्या खोलीत क्लार्क गालिच्याला अडखळतो, त्याचा हात शेकोटीत पडतो आणि भाजत नाही. डॉनर यांच्याकडे लॉइस सरळ पिस्तूल रोखते, गोळी झाडते, तो कबुली देतो, आणि मग ती सांगते की पिस्तुलात नुसता बार होता. कल्पना म्हणून हा प्रसंग कितीतरी सरस आहे, कारण त्यात लॉइसची बुद्धी आणि हिंमत दोन्ही दिसतात. अडचण एवढीच की तो चित्रपटासाठी कधी चित्रितच झाला नव्हता. जे दिसते ते नटांच्या निवडीसाठी घेतलेल्या दोन वेगवेगळ्या वेळच्या चाचण्यांचे तुकडे आहेत. आम्ही ते दृश्य थांबवून थांबवून पाहिले. एका शॉटमध्ये रीव्ह हाडकुळे आहेत, अजून व्यायामाला सुरुवात न केलेले. लगेच पुढच्या शॉटमध्ये खांदे भरलेले आहेत आणि केसांची ठेवणही निराळी आहे. शिक्षक म्हणाले, ‘हे कच्चे रेखाटन आहे, पण हात उत्तम आहे.’ मला वाटते या आवृत्तीविषयी इतके नेमके मत मी दुसऱ्या कोणाकडून ऐकले नाही. चाचण्यांची दृश्ये वापरल्याचे ती तयार करणाऱ्यांनी लपवलेले नाही. ते लपवतो आपला लेख, कारण ‘खरा चित्रपट’ म्हटले की वाचकाला वाटते की एक पुरा झालेला चित्रपट कपाटात बंद होता आणि कोणीतरी कुलूप काढले. तसा पुरा झालेला चित्रपट नव्हता. अनेक जागा नव्या दृश्यकरामतींनी, काही लेस्टर यांच्याच चित्रणाने आणि संगीताच्या बऱ्याच जागा विल्यम्स यांच्या पहिल्या भागाच्या ध्वनिमुद्रणाने भरलेल्या आहेत. ती सारखी पहिल्या भागाची आठवण करून देते ही काही प्रेक्षकांची तक्रार या अर्थाने खरीच आहे.

शेवटाबद्दल तर मी लेस्टर यांच्या बाजूने उभा आहे आणि तसे मानणारे बरेच आहेत. सुपरमॅनने पृथ्वीभोवती फिरून काळ मागे नेण्याचा प्रसंग मुळात दुसऱ्या भागासाठी योजलेला होता. तो उचलून पहिल्या भागाच्या शेवटी लावला गेला. डॉनर यांच्या आवृत्तीत दुसऱ्या भागालाही तोच शेवट आहे, कारण योजना तीच होती आणि दुसरा शेवट चित्रित झालेला नव्हता. परिणामी दोन्ही भाग ओळीने पाहणाऱ्याला तोच शेवट दोनदा पाहावा लागतो. त्याहून मोठी गफलत पुढे आहे. काळ मागे गेला, म्हणजे खाणावळीतली मारामारी झालीच नाही. तरी क्लार्क तिथे परत जातो आणि ट्रकवाल्याला धडा शिकवतो. त्या बिचाऱ्याने या काळात त्याला हातही लावलेला नाही! लेस्टर यांच्याकडे हाच प्रसंग अगदी चोख बसतो, कारण तिथे काळ मागे गेलेला नाही, फक्त एका चुंबनाने लॉइसची आठवण पुसलेली आहे. ते चुंबन पुष्कळांना हास्यास्पद वाटते हे मला ठाऊक आहे. परंतु त्याआधी कचेरीत लॉइस क्लार्कला सांगते की त्याला साऱ्या जगाबरोबर वाटून घेणे आपल्याला जमत नाही. तिचे डोळे रात्रभर न झोपल्यासारखे आहेत, आवाज दोनदा फुटतो आणि ती तो सावरते. मार्गो किडर यांचा त्या मालिकेतला सर्वांत चांगला अभिनय माझ्या मते तिथे आहे, आणि तो लेस्टर यांनी टिपलेला आहे. डॉनर यांच्या आवृत्तीत तो नाही, कारण काळ मागे गेल्यावर लॉइसला दुःख व्हायला काही उरतच नाही.

शहरातल्या लढाईविषयीही हेच म्हणता येईल. वाऱ्याच्या झोतात माणसाचा टोप उडणे, टेलिफोनच्या खोक्यातला माणूस उलथला तरी बोलतच राहणे, आइस्क्रीम उडून तोंडावर बसणे हे लेस्टर यांचे विनोद मोठ्यांना नकोसे होतात आणि नव्या आवृत्तीत त्यांना बरीच कात्री लागली आहे. सुपरमॅन छातीवरचे चिन्ह काढून जाळ्यासारखे फेकतो तेही गेले, आणि ते गेले याचे मला दुःख नाही. पण आमच्या दुकानात शनिवारी संध्याकाळी ही कॅसेट न्यायला जी मुले येत, त्यांना नेमका हाच भाग पुन्हा पुन्हा पाहायचा असे. कॅसेट परत यायची ती नेहमी त्या लढाईपाशी थांबलेली असायची, आणि तिथली फीत इतकी झिजली होती की ट्रॅकिंग कितीही फिरवले तरी चित्राला खालून पट्टा यायचा. हेही प्रेक्षकांचे मतच आहे. ते कोणी लिहून ठेवले नाही, पण ते फितीवर उमटले होते.

हा प्रश्न एका चित्रपटापुरता राहिलेला नाही. ‘जस्टिस लीग’ २०१७ मध्ये एका रूपात आला आणि मार्च २०२१ मध्ये मूळ दिग्दर्शक झॅक स्नायडर यांच्या नावाने चार तासांचा होऊन घरोघरीच्या पडद्यांवर आला, तोही चाहत्यांच्या मागणीमुळे. तिथे पैसा नव्याने ओतून काही चित्रीकरणही झाले, म्हणून ती तुलना इथे मी ताणत नाही. मला फक्त एवढे दिसते की घरी पाहिल्या जाणाऱ्या चित्रपटांना आता एकापेक्षा जास्त रूपे असणे नेहमीचे झाले आहे, आणि आपण मात्र नाव एकच लिहून मोकळे होतो. गेल्या दिवाळीत माझ्या नातवासाठी मी एका दुकानातून ‘सुपरमॅन २’ ची डीव्हीडी मागवली. वेष्टनावर दिग्दर्शकाचे नाव इतक्या बारीक अक्षरांत होते की भिंग घेऊन वाचावे लागले, आणि लांबी तर छापलेलीच नव्हती. मला डॉनर यांची हवी होती आणि लेस्टर यांची आली. नातवाला ती फार आवडली, म्हणून मी परत केली नाही. पण पुढे शाळेत मित्राशी त्याचे भांडण झाले. मित्र म्हणाला, लॉइस पिस्तूल झाडते. हा म्हणाला, तू खोटे बोलतोस. मी त्याला बसवून दोन्ही दाखवल्या, तेव्हा त्याने मित्राला घरी बोलावून आणले.

आपल्या पुरवणीचा वाचकवर्ग मोठा आहे आणि तिच्यात छापलेले पुष्कळ लोक प्रमाण मानतात, म्हणून माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली, पुढच्या रविवारी एक छोटी दुरुस्ती छापावी, की ‘सुपरमॅन २’ ची डॉनर आवृत्ती ही अपुऱ्या राहिलेल्या चित्रीकरणावरून आणि चाचण्यांच्या दृश्यांवरून २००६ मध्ये उभी केलेली आहे, आणि लेस्टर आवृत्ती हाच त्या काळी पुरा होऊन प्रदर्शित झालेला चित्रपट आहे. दुसरी, यापुढे घरी पाहण्याच्या जुन्या चित्रपटांविषयी आपण लिहाल तेव्हा नावाखाली आवृत्ती, वर्ष आणि लांबी एका ओळीत द्यावी. लेस्टर यांची आवृत्ती सुमारे १२७ मिनिटांची आहे आणि डॉनर यांची सुमारे ११६. वेष्टनावर काही लिहिलेले नसले तरी एवढ्यावरून वाचकाला आपल्या हातातली प्रत कोणती ते ओळखता येईल.

लेखकाला पडताळून पाहायचे असल्यास दोन्ही डीव्हीडी आणि ते रजिस्टर मी आपल्या सोलापूर कार्यालयात आणून दाखवीन. डॉनर यांची डीव्हीडी अमेरिकेतली आहे, तेव्हा प्लेअर सर्व विभागांचा लागेल.

आपला विश्वासू,
एक वाचक, सोलापूर